पाठीवर काय आणि गाडीत काय?

प्रश्न : मी चार वर्षं सपाट मैदानावर कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यानं सराव करते. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच डोंगरातल्या थ्रीडी स्पर्धेला, म्हणजे फोमच्या प्राण्यांवर बाण मारायला, जाते आहे. दोन दिवस, रोज 24 टार्गेट, प्रत्येकावर 2 बाण. सामानाची यादी 42 वस्तूंची झाली. घरचे विचारतात, बिऱ्हाड हलवते आहेस का? यादी सोबत जोडली आहे. काय गाळू?

यादी वाचून हसू आलं, कारण माझी पहिली यादी हुबेहूब अशीच होती. धनुष्याचा स्टँडसुद्धा होता तिच्यात. उतारावर तो स्टँड एकदाही उभा राहिला नाही. घरच्यांना सांगा, बिऱ्हाड हलवायला हरकत नाही. फक्त त्यातलं किती पाठीवर घ्यायचं ते ठरवायचं आहे.

मैदानावर किट बॉक्स चार पावलांवर असतो. डोंगरात तो पायथ्याला गाडीत राहतो आणि तुम्ही दिवसभर चढ-उतार करत असता. म्हणून यादीचे आधी दोन कागद करा : अंगावर आणि गाडीत. मग प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा. हिच्यावाचून माझा आजचा दिवस वाया जाईल का? उत्तर ‘हो’ आलं आणि वस्तू मुठीत मावणारी असली, तर ती अंगावर.

हे मला अकराव्या टार्गेटवर समजलं. स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) ओढायला लागले आणि तिच्यावर बांधलेला दोरीचा छोटा फास, म्हणजे डी-लूप, तुटला. रिलीज (लूपला अडकवून स्ट्रिंग ओढायचा आणि सोडायचा खटका) धरलेली मूठ थेट माझ्याच तोंडावर आली, ओठ फुटला. लूपची दोरी माझ्याकडे होती, अगदी नाव लिहिलेल्या डबीत. आणि डबी पायथ्याला. गटातल्या एकानं त्याच्याकडचा तुकडा दिला, आम्ही दगडावर बसून तो बांधला, पण मूळ जागा कोणती होती हे कुणालाच सांगता येईना. जेमतेम 2 मिलिमीटरचा फरक पडला असेल. उरलेल्या 13 टार्गेटवर मी त्या फरकाशीच भांडत होते.

तेव्हापासून माझ्या लूपच्या आत, नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वर आणि खाली, सर्व्हिंगच्या, म्हणजे स्ट्रिंगवर गुंडाळायच्या दोऱ्याच्या बारीक गाठी असतात. लूप तुटला तरी गाठी जागेवर राहतात आणि नवा लूप त्यांच्या बाहेरून बरोबर बसतो. हे काम घरी शांतपणे करून ठेवा. कमरेच्या पाऊचमध्ये लूपच्या दोरीचे दोन कापलेले तुकडे, टोक वितळवायला लायटर, छोटी पक्कड, सर्व्हिंगचा दोरा, चार नॉक आणि तुमच्या धनुष्याला लागतात तेवढ्याच ॲलन की ठेवा. आख्खा संच नको. बहुतेक धनुष्यांचं दोन-तीन मापांवर भागतं. दुसरं रिलीजही इथेच, आणि ते आधी सरावात वापरून पाहिलेलं हवं.

तुमच्या यादीतली जास्तीची स्ट्रिंग मात्र गाडीत जाऊ द्या. कंपाउंडची स्ट्रिंग बदलायला धनुष्य दाबून धरणारा बो प्रेस लागतो आणि तो काही तुम्ही डोंगरावर नेणार नाही. रिकर्व्हवाल्यांचं, म्हणजे चाकं नसलेल्या धनुष्याचं, वेगळं आहे. त्यांनी जुळवून, काही सत्रं वापरून घेतलेली दुसरी स्ट्रिंग आणि ती चढवायचा स्ट्रिंगर अंगावरच बाळगावा.

बाण किती? दिवसाला 48 मारायचे असले तरी बाण परत मिळतात. ज्यांची टार्गेटशी चुकामूक होते ते दगडांत हरवतात. मी भात्यात दहा-बारा ठेवते, गाडीत आणखी सहा. दगडावर आपटलेला कार्बनचा बाण वरून धडधाकट दिसला तरी लगेच पुन्हा लावू नका. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा, कान जवळ न्या. बारीक करकर ऐकू आली की तो बाण बाद. कापसाचा बोळा शाफ्टवरून (बाणाच्या दांडीवरून) फिरवला तर निघालेल्या तंतूला कापूस अडकतो, म्हणून चिमूटभर कापूसही पाऊचमध्ये असू द्या. तडा गेलेला शाफ्ट सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या हातात घुसतात. बाणाच्या किमतीकडे बघून इथे मन कच्चं करू नका.

थ्रीडीतला फोम बाणाला असा धरतो की उपटताना हात सोलवटतात. रबरी पुलर घ्याच. शिवाय अंगाच्या साबणाची कोरडी वडी बाणाच्या पुढच्या वीतभर भागावर घासा. उपाय जुनाच आहे, पण कामाचा.

आता यादीत नसलेली गोष्ट : तुमची सॅक. छातीवरच्या पट्ट्याचं लोंबणारं टोक स्ट्रिंगच्या वाटेत येतं. दुर्बिणीचा पट्टा आणि जॅकेटची फुगीर बाहीही तेच करते. म्हणून निघण्याआधी एकदा पूर्ण वेशात, सॅकसकट, चढावर उभं राहून बाण मारून बघा. लोंबती टोकं टेपनं चिकटवा, आर्मगार्ड जॅकेटच्या वरून बांधा. चढ-उतारावर नेम धरताना खांदे न मोडता कमरेतून वाकायचं असतं. जाड, आखूड जॅकेटमध्ये ते जमत नाही. पातळ कपड्यांचे थर बरे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि गट पुढे सरकण्याची वाट बघत उभं राहिलं की घामानं भिजलेली पाठ गारठते. बूट नवे नकोत. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, तरीही ते कमी करू नका. वजन कमी करायचं तर धनुष्याचा तोल राखणारा दुसरा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर, काढा.

रेंजफाइंडरबद्दल (अंतर मोजायच्या यंत्राबद्दल) संयोजकांना आधीच विचारा. अनेक स्पर्धांत अंतर डोळ्यांनीच ओळखायचं असतं. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांच्या थ्रीडी स्पर्धेत तो चालत नाही. चालत असला तरी त्याचा आकडा समजून घ्या. तो तिरकं अंतर 40 मीटर दाखवत असेल आणि उतार 30 अंशांचा असेल, तर बाणासाठी ते जवळपास 34.6 मीटरच आहे, कारण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतरावर होतो. साइट (नेम धरायची खूण) 40 मीटरवर लावलीत तर बाण वर जाईल. खाली मारा की वर मारा, दोन्हीकडे वरच. सुरुवातीला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

आणि धनुष्य उन्हातल्या बंद गाडीत ठेवून हिंडू नका. आत इतकं तापतं की स्ट्रिंग ताणली जाते, पीप (स्ट्रिंगमधलं नेमाचं छिद्र) फिरतो, बाणाचं टोक, म्हणजे पॉइंट, ज्यानं बसवलेला असतो तो हॉट मेल्ट गोंद मऊ पडतो. मग बाण उपटताना शाफ्ट हातात आणि पॉइंट फोममध्ये.

प्रश्न : रिकर्व्ह घेऊन विमानानं जायचं आहे. हातातल्या बॅगेत काय ठेवू?

बाण आणि धनुष्य सामानाच्या विभागात, कडक पेटीत. बाणांची टोकं फोमच्या तुकड्यात रुतवा, नाहीतर पेटीभर नाचतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच. टॅब (स्ट्रिंग ओढताना बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा) खिशात आणि बूट पायात. पेटी मागे राहिली तर धनुष्य कुणीतरी उसनं देईल; तुमच्या बोटांवर झिजून बसलेला टॅब कुणाकडे मिळायचा? धनुष्य जुळवायची मापं, म्हणजे ब्रेस हाइट, टिलर आणि साइटचे आकडे, कागदावर लिहून टॅबसोबत ठेवा.

प्रश्न : माझ्या बाणांना खऱ्या पिसांचं फ्लेचिंग आहे. पाऊस आला तर?

पिसं भिजली की शाफ्टला चिकटतात आणि बाण भरकटतो. भात्यातल्या बाणांवर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, रबर बँड सैल ठेवा, आणि एका वेळी एकच बाण बाहेर काढा. स्कोअरसाठी पेन्सिल न्या. ओल्या कागदावर पेन उठत नाही. पाऊस नक्कीच आहे असं दिसलं, तर प्लास्टिकच्या वेनचे (पिसांऐवजी लावायच्या पात्यांचे) सहा बाण वेगळे बांधून ठेवा, पण रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) ते नीट सुटतात का हे घरीच तपासा. रेस्ट न लावता शेल्फवरून, म्हणजे धनुष्याच्या मुठीवरच्या कठड्यावरून, मारत असाल तर बहुधा सुटणार नाहीत. मग पिशवीच बरी.