मशीन एक, पेशंट दोन

प्रश्न : मी एस. वाय. बी. ए.ला आहे, विषय तत्त्वज्ञान. वर्गात सरांनी आधी ट्रॉलीचं कोडं घातलं. ब्रेक फेल झालेली ट्रॉली, समोर रुळावर पाच मजूर, खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर जाणार, तिथे एकच मजूर. ओढायचा का? मग दुसरं कोडं : डायलिसिसचं मशीन एक, पेशंट दोन. एक तीन मुलांचा बाप, दुसरा एकटा आणि दारुडा. मशीन कोणाला? मी म्हणाले, दोघांची अजून माहिती हवी. सर म्हणाले, "माहिती एवढीच. पळवाट काढू नकोस." माझे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, त्यामुळे मला पुढे बोलवेना. मी खरंच पळवाट काढली का? परीक्षेत हाच प्रश्न आला तर काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, जि. सांगली

उत्तर : पोरी, तू पळवाट काढली नाहीस. सरांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. कोड्याला त्याचे नियम असतात आणि ते त्यांनी पाळले. पण माझी बहुतेक नोकरी डायलिसिस युनिटमध्ये गेली, इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तुझ्या कोड्यातलं ते मशीन माझ्या ओळखीचं आहे.

ट्रॉलीचं थोडक्यात सांगते. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने १९६७ साली गर्भपातावरच्या एका लेखात हे उदाहरण जाता जाता दिलं. पुढे अमेरिकेत जुडिथ थॉमसन यांनी ते उचललं, त्याला नाव दिलं, वर्षानुवर्षं त्यावर लिहिलं आणि २००८ साली स्वतःचंच मत फिरवलं : बाजूला उभ्या असलेल्या माणसाने खटका ओढू नये, असं त्या म्हणू लागल्या. त्यांना एवढा काळ लागला, तर तुझं एका तासात ठरलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता मशीन. समज, दुपारची शिफ्ट चालू आहे, सगळी मशीन भरलेली, आणि कॅज्युअल्टीतून फोन येतो : रक्तातलं पोटॅशियम सातच्या वर, धाप लागलीय, लगेच घ्या. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदयाला धोका. कोडं इथे येऊन थांबतं. आमचं काम इथून सुरू होतं. डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायला सांगतात, इन्शुलिन-ग्लुकोज लावतात. त्याने पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, पण हृदय सांभाळलं जातं आणि थोडा वेळ हाताशी येतो. तेवढ्यात कोणाचे तीन तास झालेत, कोणाच्या अंगातलं जादा पाणी बऱ्यापैकी निघालंय, ते बघायचं. दुसऱ्या सेंटरला फोन लावायचा. टेक्निशियनला विचारायचं, रात्री थांबशील का रे. आणि एखाद्या बेडपाशी जाऊन म्हणायचं, "मावशी, आज अर्धा तास आधी काढलं तर चालेल का? सिरियस पेशंट आलाय."

एका मावशींनी मला विचारलं होतं, "कुणाचं हाय? ल्हान हाय का?" मी वय सांगितलं. "काढा मला. पर शेवटची यस्टी गावली पायजे." एस्टी मिळेल याची सोय आम्ही केली. दुसऱ्या एका काकांनी सरळ नाही म्हटलं. आदल्या खेपेला त्यांचं लवकर काढलं होतं आणि रात्री घरी त्यांचा श्वास कोंडला होता. त्यांचं नाही म्हणणं रास्तच होतं, आम्ही पुन्हा विचारलं नाही.

कोड्यातली माणसं बोलत नाहीत. मला ही त्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. तीन मुलांच्या बापाला कोणी काही विचारत नाही, दारुड्याला तर नाहीच. तू माहिती मागितलीस म्हणजे त्या दोघांना बोलायची संधी मागितलीस.

आणि तुला ठाऊक नसेल, सरांनी घातलेलं कोडं एकदा जसंच्या तसं खरं झालं होतं. अमेरिकेत सिएटलला. १९६० साली डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरायला सुरुवात केली. तोवर दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे किडन्या कायमच्या गेलेल्या माणसाला डायलिसिसवर जगवता येत नव्हतं. नळीमुळे ते जमू लागलं. १९६२च्या सुरुवातीला तिथे सेंटर उघडलं, पण मशीन मोजकी आणि पेशंट कितीतरी. मग निवड करायला सात जणांची समिती बसली, नावं गुप्त ठेवून : वकील, पाद्री, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता, सर्जन. लग्न झालंय का, मुलं किती, कमाई काय, चर्चला जातो का, असं सगळं ते बघत. त्याच वर्षी 'लाइफ' मासिकात हे छापून आलं आणि गदारोळ झाला. पुढे कायद्याच्या एका नियतकालिकात दोघा लेखकांनी लिहिलं, की किडन्या बिघडलेल्या थोरोला या भागात थारा मिळणार नाही. थोरो म्हणजे गांधीजींना ज्याचं लेखन मोलाचं वाटलं तोच. अविवाहित, चर्चपासून लांब राहिलेला, पैशाच्या मागे न लागलेला. तुझ्या कोड्यातला एकटा माणूस तोही असू शकतो.

त्या समितीने एका शाळकरी मुलीला नाकारलं, कारण ती वयाने सज्ञान नव्हती. कोड्याच्या नियमाने विषय संपला. पण वॉशिंग्टन विद्यापीठात अणुअभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक बॅब त्या कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन काही महिन्यांत घरी चालवता येईल असं मशीन बनवलं, आणि १९६४ साली तिचं डायलिसिस घरी सुरू झालं. १९७१ साली एका पेशंटने अमेरिकन संसदेच्या समितीसमोर मशीन लावून साक्ष दिली, आणि १९७२च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात आला. सात जणांच्या त्या समितीचं काम उरलं नाही. मशीन किती असावीत, हाच नीतीचा प्रश्न होता, आणि कोड्यात तो विचारायला बंदी आहे.

कोडी मी टाकाऊ मानत नाही. दारुडा आणि बाप यांची अदलाबदल करून बघ : दारू पिणाऱ्याला तीन मुलं दे आणि एकट्याला निर्व्यसनी कर. उत्तर बदललं तर आपण मनात कशाला वजन देतो ते कळतं. युनिटमध्ये नव्या आलेल्या सिस्टरांना हे कळायलाच हवं, कारण दारूचा वास आला की आवाज चढतो, सुई टोचणारा हात कडक होतो. पेशंटला ते लगेच समजतं.

आपल्याकडे २०१६ सालापासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. मशीन वाढली, ही मोठी गोष्ट झाली. आता प्रश्न बारीक आहेत. पहाटेची शिफ्ट कोणाला, जवळच्याला की ज्याला परतून मजुरीला जायचंय त्याला? रेशनकार्डात नाव चुकलंय म्हणून कोण अडकलंय? तुझ्या वडिलांचं दोनदाच का होतं, तीनदा का नाही? काहींना अजून लघवी होत असते, म्हणजे किडनी थोडी चालत असते, त्यांना दोनदा पुरतं आणि डॉक्टर तसं विचार करून ठरवतात. पण पुष्कळांचं दोनदा होतं ते गाडीभाडं परवडत नाही किंवा शिफ्ट मिळत नाही म्हणून. यातलं कारण कोणतं, हे तू डॉक्टरांना विचारायलाच हवंस.

परीक्षेत उत्तर जरूर लिही. जास्तीत जास्त लोकांचं भलं बघणाऱ्या मिलच्या बाजूने काय, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये म्हणणाऱ्या कांटच्या बाजूने काय, ते नीट मांड, तुझी निवड सांग, गुण त्याला असतात. त्याखाली चार ओळी जोड : मशीन एकच का, हे कोणी ठरवलं? दोघांना कोणी काही विचारलं का? सर माणूस म्हणून चांगले असणार, त्यांना आधी वर्गातच हे विचारलंस तरी चालेल.

आणि वडिलांना तीनदा लागतं असं डॉक्टर म्हणाले, तर त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांकडे नाव आणि फोन नंबर देऊन ये. आमच्याकडे त्याची वही असायची आणि जागा झाली की वहीतल्या क्रमाने फोन जायचा. तुमच्या सेंटरला वही नसेल, तर ती ठेवा म्हणून तूच सांग.