वाचकांचे प्रश्न : सामना प्रशिक्षकाच्या नावावर कधी लागतो?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या जय-पराजयाचा तक्ता दिला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच कॉलेजांच्या क्रीडा विभागांतून आली आहेत, आणि विचारणा तक्त्यापेक्षा आपल्याकडच्या नोंदवहीबद्दल जास्त आहे. त्यांतली निवडक पत्रे घेतली आहेत.

तक्त्यात माइक शशेफ्स्की यांच्यापुढे १२०२-३६८ आणि .७६६ असे आकडे आहेत. हे .७६६ कसे काढले? मी दोन कॉलेजांची टक्केवारी काढून सरासरी घेतली, तर .६६९ येते.
– शारीरिक शिक्षण संचालक, दर्यापूर

सरासरी घेतली तिथेच चूक झाली. शशेफ्स्की आर्मीच्या (अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या) संघाकडे पाच हंगाम होते, तिथे ७३-५९, म्हणजे .५५३. ड्यूक विद्यापीठात बेचाळीस हंगाम, ११२९-३०९, म्हणजे .७८५. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की पाच हंगामांना बेचाळीस हंगामांएवढेच वजन मिळते. आधी विजय विजयांत मिळवा (१२०२), पराभव पराभवांत (३६८), मग विजयांना एकूण १५७० सामन्यांनी भागा. ०.७६५६ येते, ते तीन घरांपर्यंत .७६६. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते, पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ निकाल लागेपर्यंत दिला जातो, म्हणून तिसरा रकाना लागत नाही.

हीच चूक वार्षिक अहवालांतही होते. एका वर्षी २-०, पुढच्या वर्षी ५-१०. सरासरी काढणारा ६७ टक्के लिहितो, खरा आकडा १७ पैकी ७, म्हणजे ४१ टक्के. टक्केवारी वहीत लिहूच नका. जिंकले-हरले एवढेच लिहा, टक्केवारी लागेल तेव्हा काढता येते.

आमच्या सरांना निवडणुकीची ड्युटी लागली होती. संघ घेऊन सहायक शिक्षक गेले, दोन सामने जिंकून आले. हे सामने कोणाच्या नावावर धरायचे?
– वाचक, पुसद

ज्यांच्या नावाने त्या दिवशी संघ उतरला, त्यांच्या. तक्त्यातले दोन दाखले तुम्हाला उपयोगी पडतील. १९९४-९५ च्या हंगामात बारा सामन्यांनंतर (९-३) शशेफ्स्की आजारपणामुळे रजेवर गेले. उरलेला हंगाम सहायक पीट गॉडेट यांनी चालवला आणि ४-१५ झाला. ड्यूकचा त्या वर्षीचा हिशेब १३-१८, पण हे एकोणीस सामने गॉडेट यांच्याच खात्यात आहेत. २०१५-१६ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम बोहाइम नऊ सामने निलंबित होते. त्या काळातले ४-५ माइक हॉपकिन्स यांच्या नावावर, उरलेले १९-९ बोहाइम यांच्या.

गॉडेट यांच्या वाट्याला जे आले ते काही सुखाचे नव्हते, हे खरे. पण नियम सोयीने फिरवला की वहीला अर्थ राहत नाही. सर बसस्टँडवर संघाला निरोप देऊन ड्युटीवर गेले असतील, तरी स्कोअरशीटवर प्रशिक्षक म्हणून ज्यांचे नाव आणि सही आहे तेच धरा. संघाचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा, म्हणजे तिथे सगळे सामने एकत्र दिसतील.

आमचे सर म्हणतात, बाय म्हणजे बी जिंकल्यासारखंच हाये, पुढच्या राउंडला गेलो ना! मग रेकॉर्डात काहून नाही घ्यायचं? अन् वॉकओव्हरचं काय?
– विद्यार्थी खेळाडू, दारव्हा

बाय म्हणजे ड्रॉमधली, म्हणजे सामन्यांच्या मांडणीतली, मोकळी जागा, दादा. समोर कोणी नव्हतंच, तर हरवलं कोणाला? अकरा संघ आले की ड्रॉ सोळाचा करावा लागतो आणि पाच संघांना बाय जातो. स्पर्धेत सामने होतात दहाच. पाच बाय विजय म्हणून धरले तर पंधरा विजय आणि दहा पराभव होतील. हिशेब जुळणार कसा?

वॉकओव्हरचं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार (फिबा) ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत संघ आला नाही, किंवा पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर सामना समोरच्याला २०-० ने जातो. साखळीत जिंकणाऱ्याला २ गुण, हरणाऱ्याला १, आणि असा सामना सोडणाऱ्याला ०. आपल्याकडे हे नेमकं कापूस वेचणीच्या दिवसांत होतं. बारापैकी सहा पोरं घरच्या कामात, एक एसटीत अडकलेला.

याहून निराळा प्रकार म्हणजे सामना सुरू झाल्यावर खेळाडू बाद होत किंवा जायबंदी होत एका संघाकडे दोनपेक्षा कमी उरणे. तेव्हा समोरचा संघ पुढे असेल तर फलकावरचा स्कोअर कायम राहतो, नसेल तर २-० लावतात. हरणाऱ्याला इथे १ गुण मिळतो.

आमचं मत असं: वॉकओव्हर विजयात धरा, पण आकड्यापुढे ‘वॉ’ लिहा. मुलाखतीला किंवा नॅकच्या फाइलसाठी आकडा द्यायची वेळ आली की खेळलेले आणि न खेळलेले सामने वेगळे सांगता आले पाहिजेत. आणि ते वीस गुण सरासरीत मुळीच मिळवू नका, कारण बास्केट एकही पडलेली नसते.

आमच्या प्रशिक्षकांचा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला बारा वर्षांचा हिशेब १४-१२ आहे. तुमच्या तक्त्यात जॉन वुडन ६६४-१६२, ॲडॉल्फ रप ८७६-१९०. व्यवस्थापनातील एका सदस्यांनी तक्ता दाखवून आमच्या सरांना ‘पन्नास टक्केवाले’ म्हटले. तुलना योग्य आहे का?
– माजी खेळाडू, ब्रह्मपुरी

अजिबात नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगायला हवे.

अमेरिकेतले कॉलेज एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळते. बहुतेक सामने साखळीचे किंवा आधीच ठरवलेले असतात, आज हरले तरी पुढचा सामना आहेच. ६८ संघांची बाद फेरी शेवटी येते. आपल्याकडे स्पर्धा बहुधा पहिल्या दिवसापासून बाद पद्धतीची. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त एक पराभव, आणि तो झाला की वर्ष संपले.

सोळा संघांचा ड्रॉ घ्या. आठ संघ ०-१ घेऊन घरी जातात, चार १-१, दोन २-१, उपविजेता ३-१, विजेता ४-०. सोळा संघांत मिळून विजय पंधराच. संघ कितीही असोत, बाद पद्धतीत सरासरी संघाच्या वाट्याला वर्षाला एकापेक्षा किंचित कमीच विजय येतो. सोळाच्या ड्रॉमध्ये बारा वर्षांचे सरासरी विजय भरतात सव्वाअकरा. तुमच्या सरांचे चौदा आहेत. बारा वर्षांत बारा पराभव म्हणजे विजेतेपद एकदाही नाही, हेही त्याच आकड्यात दिसते, ते लपवू नये. पण ‘पन्नास टक्केवाले’ हा शेरा गणित न करता मारलेला आहे.

म्हणून बाद पद्धतीच्या स्पर्धेत टक्केवारीपेक्षा ‘कुठपर्यंत पोहोचले’ हा रकाना जास्त बोलतो. त्यातही एक खोच आहे. बाय मिळून थेट उपांत्यपूर्व फेरीत गेलेला संघ पहिलाच सामना हरला तरी प्रमाणपत्रावर ‘उपांत्यपूर्व फेरी’ येते. तेव्हा फेरी आणि आकडा दोन्ही लिहा: ‘उपांत्यपूर्व, ०-१’.

वुडन यांचेही पाहा. यूसीएलए या विद्यापीठात ते १९४८ ला आले, पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ ला, म्हणजे सोळाव्या हंगामात. पुढे १९७५ पर्यंत बारा वर्षांत दहा. आणि ज्यांनी १८९१ मध्ये हा खेळ काढला, ते जेम्स नेस्मिथ? कॅन्सस विद्यापीठात त्यांचा हिशेब ५५-६०. तिथल्या प्रशिक्षकांत पराभव जास्त असलेले ते एकटेच. तुमच्या सदस्यांना हेही दाखवा.

नवीन सरांचे ७-१ आणि जुन्या सरांचे ७०-३०. चांगले कोण?
– वाचक, वरुड

आठ सामन्यांवर निकाल देऊ नये. एक जुनी युक्ती आहे: दोघांच्याही खात्यात पाच खोटे विजय आणि पाच खोटे पराभव घाला. नवीन सरांचे १८ पैकी १२, .६६७. जुन्या सरांचे ११० पैकी ७५, .६८२. सामने थोडे असले की आकडा मधल्या बाजूला ओढला जातो, जास्त असले की जागचा हलत नाही. पाचच का, याला शास्त्र नाही, पण सर्वांना सारखेच घालायचे.

घरच्या मैदानावरचा आणि परक्या मैदानावरचा विजय सारखाच का धरायचा?
– वाचक, हिंगणघाट

प्रशिक्षकाच्या हिशेबात सारखाच. संघाची प्रतवारी लावताना मात्र फरक करतात. अमेरिकेत २००४-०५ पासून जुन्या सूत्रात परक्या मैदानावरचा विजय १.४ आणि घरचा ०.६ धरत, पराभवाला उलट. २०१८ पासून सूत्र बदलले, पण तत्त्व तेच आहे: साठाव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या मैदानावर हरवले तर विजय पहिल्या (सर्वांत मोलाच्या) गटात, आपल्या मैदानावर हरवले तर दुसऱ्या. आपल्या वहीत यजमान कोण होते आणि कोर्ट मुरमाचे की सिमेंटचे, एवढे लिहिले तरी भागते.

आमचा एक खेळाडू अपात्र ठरला आणि निकाल रद्द झाला. वहीतून ओळ खोडायची का?
– क्रीडा शिक्षक, दिग्रस

खोडू नका. शेरा लिहा. ‘रद्द’ आणि ‘बहाल’ यांत गल्लत होते, ती आधी सोडवू. सामना बहाल केला की तुमच्या खात्यात पराभव आणि समोरच्याच्या खात्यात विजय. निकाल रद्द केला की तुमचा विजय जातो, पण समोरच्याचा पराभव पराभवच राहतो. बोहाइम यांचे मैदानावरचे आकडे १११६-४४१, म्हणजे .७१७. १०१ विजय रद्द झाल्यावर अधिकृत आकडा १०१५-४४१, .६९७. पराभव तेवढेच. लुईव्हिल विद्यापीठाचे १२३ विजय आणि २०१३ चे विजेतेपद असेच गेले, पण अंतिम सामना हरलेल्या मिशिगनला काही विजेते म्हटले गेले नाही.

तुमच्या स्पर्धेत यांपैकी काय झाले, ते आयोजकांच्या लेखी निर्णयात शोधा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. वहीत दोन्ही आकडे ठेवा: मैदानावरचा आणि अधिकृत. बाहेर देताना अधिकृत द्या.

शेवटी, वहीत रकाने कोणते ठेवावे? आमच्याकडे मागच्या सात वर्षांचे काहीच नाही.
– वाचक, मोर्शी

तारीख, स्पर्धा, फेरी, ठिकाण, प्रतिस्पर्धी, चारही डावांचे गुण, अंतिम गुण, जादा वेळ किती, प्रशिक्षक, शेरा. ज्या वर्षी संघच उतरला नाही तिथे ०-० लिहू नका, ‘संघ नव्हता’ लिहा. रप यांच्या केंटकी विद्यापीठाने १९५२-५३ चा हंगाम खेळला नाही, म्हणून रप यांची वर्षे बेचाळीस आणि हंगाम एक्केचाळीस. कोरोनाकाळात ज्या वर्षी स्पर्धा झाल्या नाहीत, तेही याच रीतीने.

मागची सात वर्षे भरायची तर आठवणीने भरू नका, जिंकलेले सगळ्यांना आठवते आणि पहिल्या फेरीतले पराभव कोणालाच नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे निकालपत्रे मागा. ज्या कॉलेजाने यजमानपद घेतले होते तिथे मूळ स्कोअरशीट मिळू शकते. मूळ प्रत आयोजकांकडे राहते, गुलाबी जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला. कार्बनचे अक्षर दोन-तीन वर्षांत पुसट होते, आणि पावसात भिजलेल्या पिवळ्या प्रतीतून काही वाचता येत नाही. म्हणून सही झाली की टेबलावरच मूळ प्रतीचा मोबाइलवर फोटो घ्या. सही होण्याआधी मात्र दोन बेरजा तपासा: चार डावांचे (आणि जादा वेळेचे) गुण मिळून अंतिम आकडा येतो का, आणि खेळाडूंच्या गुणांची बेरीज तीच येते का. जुळत नसेल तर पंचांची सही होण्याआधीच सांगा, नंतर दुरुस्त करून घेणे फार अवघड जाते.