उतर आणि चालून बघ

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

“मावशी, गाडी कमी पडली की मी?” असं तू विचारलं आहेस आणि खाली खरेदीची यादी जोडली आहेस: गाडी उंच करायला ३ इंचांचं लिफ्ट किट, ३३ इंची टायर, पुढे अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारा विंच, मागे लॉकर. युटातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधल्या व्हाइट रिम या कच्च्या रस्त्यावर, मर्फी हॉगबॅक नावाच्या चढाच्या पायथ्याशी तू थांबलास. बाकीच्या तिन्ही गाड्या वर गेल्या, त्यातल्या एकीचं पोट दगडावर आपटलं तरी ती गेली, आणि तू व्हाइट रिमवरून एकटाच मागे फिरून शेफर रस्त्याच्या कड्यावरच्या वळणांनी रात्री वर आलास. तेव्हापासून मित्रांत तुझी टिंगल चालू आहे. सगळं समजलं. फक्त एक गोष्ट तुझ्या एवढ्या लांब पत्रात कुठे सापडेना. चढाखाली थांबल्यावर तू गाडीतून उतरलास का? तू लिहितोस, “बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत बसलो.” बसलो! अरे, चढ समोर आणि तू बसून?

उतरायचं. चालत वर जायचं. बघून यायचं. मग गाडी घालायची, नाहीतर फिरवायची. वाळवंटातल्या रस्त्यांबद्दल मला एवढंच सांगता येतं, आणि लोकांना कंटाळा येईपर्यंत मी तेच सांगत आले आहे. तुलाही येईल.

सीटवरून रस्ता दिसतच नाही. चढाला लागून गाडीचं नाक वर झालं की बॉनेटपलीकडे नुसतं आभाळ उरतं, आणि ज्या दगडाशी खरा सामना आहे तो कधीच बॉनेटखाली गेलेला असतो. बाराच्या उन्हात सावल्या नसतात, त्यामुळे फूटभराची पायरी सपाट भासते. तिरप्या उन्हात वीतभर खड्डाही अंगावर येतो. पायाला हे भास होत नाहीत. पायरी घोट्याएवढी आहे की गुडघ्याएवढी, दगड रोवलेला आहे की पाय ठेवताच हलतो, खडी सुटी आहे की घट्ट बसलेली, हे पायाला विचारायचं. शिवाय मर्फीचा चढ इतका अरुंद की मध्येच दुसरी गाडी समोर आली तर एकाला रिव्हर्समध्ये उतरावं लागतं, म्हणून तिथे कुणीतरी आधी वर जाऊन पलीकडून कोणी येत नाही ना हे पाहायचंच असतं. तुझ्या मित्रांपैकी एकानेही ते पाहिलं नाही, हे तू न लिहिताही मला कळलं.

आता चालताना काय बघायचं. बहुतेक गाड्यांत सगळ्यात खाली लोंबतो तो मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरेन्शियल. नवखा माणूस मोठा दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देतो, कारण टायर वाचवावासा वाटतो, आणि गोळा दगडावर बसतो. टायर दगडावर चढवायचा. रबर ते सोसतं, लोखंड सोसत नाही. म्हणून वर जाताना प्रत्येक मोठ्या दगडाशी थांबायचं आणि ठरवायचं: हा डाव्या चाकाखाली की उजव्या? येताना तेच उलटं म्हणत यायचं. गाडीत बसशील तेव्हा चढ पाठ झालेला असेल आणि हात आपोआप वळतील.

यात तुझं लिफ्ट किट कुठे बसतं सांग. लिफ्टने बॉडी वर जाते, ॲक्सल होतं तिथेच राहतं. तो गोळा जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच वर नेतात. उलट गाडीचा गुरुत्वमध्य चढतो आणि आडव्या उतारावर ती कलंडायला आणखी तयार होते. लॉकर उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. एक चाक हवेत फिरत राहिलं आणि दुसरं जमिनीवर नुसतं उभं, अशा वेळी तो दोघांना एकत्र फिरवतो. पण ते चाक हवेत का गेलं? कारण तू पाहिलं नाहीस. विंच घेतलास तरी तो वापरायला शिकेपर्यंत तारेच्या जवळ कुणाला उभं करू नकोस. आणि कुणी ओढायला दोरी दिली तर ती हिच बॉलमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यात, कधीच अडकवायची नाही. तो गोळा तुटून उडतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

खर्च करायचाच असेल तर हवेवर कर. स्वतःचा प्रेशर गेज, चांगला कंप्रेसर, एक फावडं, रुतलेल्या चाकाखाली सारायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड. हायवेवर टायरमधल्या हवेचा दाब ३५ पीएसआय असेल तर डांबर संपताच २०च्या आसपास आणायचं, खोल वाळूत १५पर्यंत. हवा कमी झाली की टायर लांब पसरतो, वजन जास्त जमिनीवर वाटलं जातं आणि धारदार दगडाभोवती रबर वाकतं, फाटत नाही. मात्र कडेची भिंत बाहेर फुगते, म्हणून कपारीला घासू द्यायची नाही, आणि वेग कमी ठेवायचा. डांबरावर परत आलं की आधी हवा भरायची, मग निघायचं. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. तेवढ्यासाठी आळस करणारे लोक मग तासन्‌तास वाळू उपसत बसतात, आणि त्यांना मदत करायला मी थांबते तेव्हा माझ्या बोलण्यातला तिरसटपणा त्यांना ऐकून घ्यावा लागतो.

मला तिरसट म्हणतातच. “तिच्याबरोबर गेलं की संध्याकाळी पोचायचं ते रात्री पोचतो,” असं आमच्या जुन्या ग्रूपमध्ये ठरूनच गेलं होतं. मी उतरले की मागून कुणीतरी हॉर्न वाजवायचं. बाईमाणूस आहे, घाबरते, चालायचंच, असं म्हणून मला सोडून द्यायचे. तुला ती सवलतही नाही, म्हणून तुला जास्त लागलं असणार. पुढे मला बोलावणंच बंद झालं. एल साल्व्हाडोरच्या एका शेजाऱ्याबरोबर मग मी बरेच रस्ते पाहिले. तो माझ्याहून हळू होता आणि प्रत्येक दगडाशी बोलायचा.

एक रस्ता मात्र राहून गेला आणि तो अजून मनातून जात नाही. कॅन्यनलँड्समधला ‘मेझ’, म्हणजे दऱ्यांचा तो दुर्गम भाग, नवऱ्याला बघायचा होता. डांबर सोडून ४६ मैल कच्च्या रस्त्याने हॅन्स फ्लॅटच्या रेंजर स्टेशनला जायचं, तिथून पुढे फ्लिंट ट्रेलची उभ्या कड्यावरची वळणं उतरायची. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन होतं, वरून रस्ता कोरडा दिसत होता. मी उतरून पहिल्या वळणापर्यंत चालत गेले. दर पावलाला बुटाखाली मातीचा थर जाडावत गेला आणि दुसऱ्याच मिनिटाला मी ओल्या साबणावर उभी असल्यासारखी घसरले. तिथली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग चारही चाकं फिरोत की दोन, काही फरक पडत नाही. आम्ही फिरलो. परतीच्या ४६ मैलांत नवरा एक शब्द बोलला नाही. नंतर नोकऱ्या, त्याचे डोळे, माझी पाठ. मेझ राहिला तो राहिलाच. एक दिवस थांबलो असतो तर माती वाळली असती का? कदाचित. पण सोमवारी दोघांनाही कामावर जायचं होतं, आणि त्या मातीवर गाडी न घालणं बरोबर होतं. त्याबद्दल मी आजही कुणाशी वाद घालायला तयार आहे. त्याच्याशी घालते अधूनमधून.

आता माझा नियम जिथे मोडतो ते सांगते, नाहीतर तू मूर्खपणा करशील. कोरड्या ओढ्यात लाल पाणी वाहू लागलं असेल तर उतरून मोजायला जाऊ नकोस. वेगाचं ६ इंच पाणी उभा माणूस पाडतं आणि २ फूट पाणी तुझ्यासारखा ट्रक वाहून नेतं. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी फसायचं नाही. ऑगस्ट १९९७मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक बुडाले, तो पाऊस मैलोन्‌मैल लांब पडला होता. जुलै ते सप्टेंबर दुपारची वादळं असतात, तेव्हा ओढ्यात तंबू ठोकायचा नाही, गाडीही लावायची नाही. पाणी उतरेपर्यंत उंचावर बसायचं. तेवढी एकच वेळ बसायची.

दुसरं, चालून बघ म्हणजे गाडी सोडून चालू लाग असं नव्हे. गाडी नजरेत राहील एवढंच जायचं. जुलै १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत एक जर्मन कुटुंब, बरोबर दोन मुलं, भाड्याच्या व्हॅनने एका खडतर दरीत उतरलं. व्हॅन ऑक्टोबरमध्ये सापडली, टायर बसलेले. मोठ्यांचे अवशेष २००९मध्ये, तिथून कित्येक मैल दक्षिणेला. उन्हाळ्यात तिथे बंद पडलेली गाडी हीच सावली आणि वरून शोधणाऱ्याला दिसणारी एकमेव वस्तू. पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, आणि ते ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं. फोन चालणार नाही. सॅटेलाइट मेसेंजर घे आणि कुठल्या रस्त्याने कधी परतणार हे घरी कुणालातरी लिहून ठेव.

याच कारणासाठी तुझ्या मित्रांवर माझा राग आहे. चढ चढलास की नाही याला काडीची किंमत नाही. पण संध्याकाळी एका गाडीला व्हाइट रिमवर एकटीला मागे पाठवून तिघे पुढे गेले, हे मला पटत नाही. सगळ्यांनी फिरायचं असतं. वाटेत तुझा ॲक्सल गेला असता तर? तिथून गाडी ओढून आणायला हजार डॉलरच्या वर पडतात, आणि पैसे हा त्यातला सोपा भाग.

तू म्हणतोस, वळवताना एक चाक रस्त्याबाहेरच्या काळपट मातीवर गेलं, तेवढ्याने काय होतं? होतं बाबा. ती काळी खरखरीत साय जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल मिळून ती माती धरून ठेवतात, आणि एकदा चिरडली की भरून यायला कित्येक दशकं जातात. वळायला जागा नव्हती हे उत्तर मी ऐकणार नाही. जागा कुठे आहे हे आत शिरण्याआधी चालून पाहायचं असतं. नाही सापडली तर मागे मागे रिव्हर्स घेत यायचं, कितीही लाज वाटली तरी.

आणि या रस्त्यांशी एवढी मर्दुमकी कशाला? शेफर ही मुळात गुरं उतरवायची वाट. १९५०च्या दशकात युरेनियमच्या मागे लागलेल्यांनी ती ट्रकसाठी रुंद केली, व्हाइट रिमचा रस्ताही त्याच काळातला. पायी फिरून कुणीतरी जागा हेरली, मग बुलडोझर आला. तू तेवढंच करतो आहेस, बुलडोझर सोडून.

यादी बाजूला ठेव. मार्चअखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या मोहावी रोडला जाऊ. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला साधारण १४० मैल, मोहावी आदिवासींची जुनी व्यापाराची वाट, दोन मुक्काम. चढ फारसे नाहीत. वाळू आहे, हाडं खिळखिळी करणारा वॉशबोर्ड, म्हणजे आडव्या लाटा पडलेला रस्ता, आहे आणि सोडा लेक आहे. तो तलाव वरून पांढरा, कडक, कोरडा दिसतो आणि हिवाळ्यात पाऊस झाला असेल तर पापुद्र्याखाली गाडी गिळणारा चिखल असतो. रेंजरला आदल्या दिवशी फोन करायचा, आणि तरीही काठावर उतरून टाच रोवून बघायची. ते तू करशील. मी शेजारच्या सीटवर बसून राहीन आणि तू परत आल्यावर प्रश्न विचारीन. नीट सांगता आलं नाही तर पुन्हा पाठवीन.

वसंतात तिथली कासवं बिळाबाहेर येतात आणि उभ्या गाडीच्या सावलीत जाऊन बसतात. संरक्षित आहेत ती, उचलायची नाहीत. घाबरली तर साठवलेलं पाणी सोडून देतात आणि मग उन्हाळा काढू शकत नाहीत. आपोआप निघून जाईपर्यंत वाट बघायची. म्हणजे प्रत्येक थांब्यानंतर निघण्याआधी गाडीखाली वाकून बघणं आलं. ते काम तुझंच, माझ्याने आता वाकवत नाही.

तुझी,
मावशी