पुस्तक मिटल्यावर काय उरतं ते बघ

प्रिय भाचेबाई,
अनेक आशीर्वाद.

अकरावीला मानसशास्त्र घेतलंस, फार बरं वाटलं. पण वहीचे फोटो पाठवलेस त्यात पानंच्या पानं हायलायटरने पिवळी केलेली दिसली, म्हणून हे पत्र. खुणा करून तेच तेच वाचण्यात वेळ जातो आणि हाती फार कमी लागतं, हे ज्या शास्त्राने दाखवून दिलं, त्याचंच स्मृतीचं प्रकरण तू तशा पद्धतीने वाचते आहेस. गंमत आहे की नाही?

सुरुवात हर्मन एबिंगहाउसपासून कर. या जर्मन माणसाने स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. निष्कर्ष 1885 मध्ये छापले. वीस मिनिटांनी पाठ करताना सुमारे 58 टक्के वेळ वाचला, एका दिवसाने सुमारे 34 टक्के आणि एका महिन्यानंतरही सुमारे 21 टक्के. गाइडमध्ये याचं ‘एका दिवसात 66 टक्के विसरतो’ असं होतं. ते खरं नाही. त्याने आठवलेले शब्द मोजलेच नव्हते, वाचलेले श्रम मोजले होते. विसरलो असं वाटतं तेव्हाही आत काहीतरी शिल्लक असतं आणि दुसऱ्यांदा शिकणं सोपं जातं, हा त्याचा खरा शोध. शिवाय अर्थ असलेली कविता पाठ करायला त्याला साधारण दहाव्या हिश्शाचे श्रम पुरले. म्हणजे व्याख्या घोकण्याआधी ती समजून घ्यायची, हे आजीही सांगते, पण एबिंगहाउसने त्याचा हिशेब मांडला.

आता तुझ्या कामाचं. अमेरिकेतल्या हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे मुलांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं पुढे होतं, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के उरलं, लिहून काढलेल्यातलं 56 टक्के. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात जी मुलं नुसती वाचत राहिली, त्यांनाच आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री होती. वाचताना मजकूर ओळखीचा वाटायला लागतो आणि आपण त्या ओळखीलाच ज्ञान समजतो. पेपरात मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

तेव्हा एक भाग वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर लिही. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते वेगळ्या शाईने भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात. पहिल्या खेपेला कागद अर्धा रिकामा राहील आणि चिडचिड होईल. होऊ दे. तो ताण येतो म्हणूनच ही पद्धत लागू पडते. आणि कुणी ‘तू व्हिज्युअल लर्नर, तो ऑडिटरी’ (म्हणजे तू बघून शिकणारी, तो ऐकून) असं सांगायला आलं तर हसून सोडून दे. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त कळतं, याला भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही.

सवयी कशा लागतात यावर प्राण्यांवर प्रयोग करणारे पाव्हलॉव्ह आणि स्किनर तुला जड जाणार नाहीत, ते पटकन उरक. थांबायचं असेल तर हेन्री मोलेसन या रुग्णापाशी थांब. अपस्मारासाठी 1953 मध्ये त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण दर दिवशी त्याला वाटायचं की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. घटना लक्षात राहणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. तूही आरसा आणि पेन्सिल घेऊन बस, दहा चांदण्या गिरव.

विकासाच्या प्रकरणात मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो ते अभ्यासणारा पियाजे भेटेल. त्याचाच प्रयोग करून बघ. शेजारच्या पाच वर्षांच्या पोराला (त्याच्या आईला विचारून) दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी दाखव. मग एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओत आणि विचार, जास्त कशात? बहुतेक ‘उंच ग्लासात’ म्हणेल. पण पियाजेवरचे आक्षेपही वाच. मार्गारेट डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी दोन ओळींतल्या सारख्या वस्तूंपैकी एक ओळ ‘खोडकर अस्वलाकडून’ (खेळण्यातल्या टेडीकडून) चुकून विस्कटल्यासारखी केली, तेव्हा बऱ्याच जास्त मुलांनी ‘दोन्हीकडे सारख्याच’ असं बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की पोरं आपलं उत्तर चुकलं असावं असं समजतात. म्हणून तूही एकदा पाणी ओतण्याआधी न विचारता फक्त नंतर विचारून बघ.

मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठव. ‘त्याला अक्षय्यतेची (भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, याची) संकल्पना आलेली नाही’ असलं वाक्य मला नको.

तुझी,
मावशी