यादी वाचली, जात पुकारली गेली

सर, काल तो मुलगा वर्गात तुमच्यावर ओरडला, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलंय. 'उद्धट' हा शिक्का त्याच्यावर बसायला वेळ लागणार नाही. निदान तुमच्या हातून तो बसू नये. मागासवर्गीय शिष्यवृत्तीवाल्यांची नावं तुम्ही भर वर्गात वाचलीत. तुमच्या लेखी ती यादी, त्याच्या लेखी जात पुकारली गेली.

नवा असताना मीही हेच केलं होतं. वर 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' हे दहादा ऐकवलं. शेवटी त्या पोरालाच माझी समजूत काढावी लागली! म्हणून आधी ऐका. 'जरा नीट बोल' नको. चूक एका वाक्यात कबूल करा, आणि तीही वर्गातच. केबिनमधली माफी स्वस्त पडते. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, त्याचा अर्ज अडकला असेल तर क्लार्ककडे स्वतः सोबत जा.

विभागातल्या दलित मॅडमना 'तुम्हीच समजवा त्याला' म्हणू नका. त्यांनी असे राग उभ्या नोकरीत गिळलेत.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर इथल्या, साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून त्या तारखेला आपण विद्यार्थी दिवस करतो. भाषणं होतात, हार होतात. पोरं ऐकतात आणि एरवीचं वागणंही बघतात.

तो लगेच हसून बोलेल असं धरू नका. नाही बोलला तरी इंटर्नलचे मार्क देताना कालचा तास आठवायचा नाही.