कुटुंबनियोजनात देशाची प्रगती कशी मोजतात? ६६.७ टक्के या आकड्यावर विश्वास ठेवायचा का?

तुम्ही विचारलंय की ६६.७ टक्के जोडपी गर्भनिरोधनाचा काही ना काही मार्ग वापरतात आणि जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २ वर आलाय असं बातम्यांत येतं, तर हे मोजतं कोण आणि त्यावरून कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणता येईल का. मी काही वर्षं घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षणांच्या मुलाखती घेतल्यात, नंतर आलेली माहिती तपासायचं कामही केलंय. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आकडा खरा आहे. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, म्हणजे २०१९-२१ चा. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी हे काम मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पाचव्या फेरीत सव्वासात लाखांच्या आसपास स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि साधारण एक लाख पुरुषांच्या.

६६.७ हा आकडा १५ ते ४९ वयाच्या, सध्या विवाहित असलेल्या स्त्रियांचा आहे. अविवाहित मुली, विधवा, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायका त्यात नाहीत. आणि बरेच जण समजतात तसं इथे १०० पर्यंत पोचायचं नसतं. शंभर बायकांत काही गरोदर असतात, काहींना मूल हवं असतं, काहींची पाळी गेलेली असते. त्यांनी साधन का वापरावं? त्यामुळे 'वापर ६७ टक्के, म्हणजे ३३ टक्के लोक अडाणी' असा हिशेब कोणी मांडला तर तो सरळ चूक आहे.

खरं पाहायचं ते असं: मूल नको असलेल्या, किंवा निदान दोन वर्षं तरी नको असलेल्या किती बायका साधनाविना आहेत? याला 'न भागलेली गरज' म्हणू. स्त्रीला हे थेट विचारत नाहीत. पाळी, गरोदरपण, मुलाची इच्छा, साधन अशा अनेक प्रश्नांच्या उत्तरांवरून ते काढलं जातं. पाचव्या फेरीत ही न भागलेली गरज ९.४ टक्के निघाली. त्याआधी, २०१५-१६ मध्ये, ती १२.९ होती.

आता एक छोटा हिशेब करू. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. २०१५-१६ मध्ये कुठलाही मार्ग वापरणाऱ्या ५३.५ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ६६.७. पाच वर्षांत १३ टक्क्यांची उडी, बातमी याचीच झाली. पण यातले आधुनिक साधनांचे, म्हणजे नसबंदी, तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांचे वापरकर्ते ४७.८ वरून ५६.५ वर गेले. उरलेली वाढ आहे 'सुरक्षित दिवस' मोजणं आणि ऐनवेळी बाजूला होणं या पारंपरिक मार्गांची. ते ५.७ वरून १०.२ वर, म्हणजे जवळपास दुप्पट झाले. आता गरज असलेल्या सगळ्या बायका धरा, म्हणजे वापरणाऱ्या अधिक न भागलेली गरज. आधी ६६.४, नंतर ७६.१. त्यांपैकी किती जणींची गरज आधुनिक साधनाने भागली? आधी ७२ टक्के, नंतर ७४ टक्के. तेराची उडी दोनवर आली. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये देशाची प्रगती याच मापाने मोजतात, ३.७.१ क्रमांकाचा निर्देशक आहे तो. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक माप हेच, कारण त्यात बाईला काय हवं होतं याला जागा आहे.

पारंपरिक मार्गांना मी नावं ठेवत नाही. अनेक जोडपी ते समजून उमजून वापरतात. पण सुरक्षित दिवस नेमके कोणते, हे विचारलं की मला दारोदारी जी उत्तरं मिळायची, ती ऐकून काळजी वाटायची. 'पाळीच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ' इथपासून 'पौर्णिमेच्या आसपासचे सोडून' इथपर्यंत.

आणि जननदर? त्याला यशाचं माप म्हणून पुढे करतात, तेव्हा मला नेहमी अडखळायला होतं. देशाचा जननदर पहिल्या फेरीत ३.४ होता, पाचव्या फेरीत २.० झाला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण लग्नाचं वय वाढलं, मुली शिकल्या, गर्भपात झाले, नवरा कामासाठी दूर राहिला, तरी जननदर खाली येतो. तो कशामुळे आला हे तो आकडा सांगत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा असतो, बातम्यांत तो क्वचितच दिसतो: बायकांना जितकी मुलं हवी होती तितकीच झाली असती तर जननदर किती असता? उत्तर आहे १.६. खरा २.० आणि हवा तो १.६. मधला हा जो फरक आहे, ती नको असताना झालेली बाळंतपणं आहेत. सरकारी उद्दिष्ट २.१ चं होतं, ते गाठलं म्हणून टाळ्या वाजवताना या बाया कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

माहिती गोळा कशी होते ते सांगते, म्हणजे आकड्यांवर किती भार टाकायचा याचा अंदाज येईल. प्रश्न साधारण असा: 'गरोदर राहू नये म्हणून सध्या तुम्ही किंवा तुमचे पती काही करता का, काही साधन वापरता का?' दोन मुलं झाल्यावर ऑपरेशन झालेली, चाळिशीकडे झुकलेली बाई पटकन म्हणते, 'नाही हो, मी कशाला काय वापरू आता?' तिच्या दृष्टीने तो विषय दहा वर्षांपूर्वी संपला. मुलाखत घेणारीने तिथे थांबून 'ऑपरेशन झालंय का?' असं विचारलं नाही, तर ही बाई 'वापरत नाही' या रकान्यात जाते. दिवस मावळायला आलेला, अजून तीन घरं बाकी, दारात सासूबाई कान देऊन उभ्या. अशा वेळी तो एक जादा प्रश्न गळू शकतो. गोळ्या घेणाऱ्या सुनेचं तर विचारूच नका. सासूसमोर ती 'नाही' म्हणणार, आणि मुलाखत एकांतात झाली तरच 'माला-एन' हे नाव तोंडातून निघणार.

याचा परिणाम राज्याच्या आकड्यात दिसतो. गोव्याचं पाहा. तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, तिथला वापर सुमारे ४८ टक्के. चौथ्या फेरीत एकदम २६.३. पाचव्यात ६७.९. साधनं वापरणाऱ्या जवळपास निम्म्या गोवेकरांनी दहा वर्षांत ती सोडली आणि पुढच्या पाच वर्षांत पुन्हा उचलली, हे मला पटत नाही. २६ टक्के वापर असताना गोव्याचा जननदर १.७ होता, तेही त्याच फेरीत. मला तरी यात बायकांच्या वागण्यापेक्षा मुलाखतींचा हात जास्त दिसतो. बिहारमध्येही २४.१ वरून ५५.८ अशी उडी आहे. तिथे काम वाढलंय यात शंका नाही, 'मिशन परिवार विकास' २०१६ पासून ज्या सात राज्यांत सुरू झालं त्यांत बिहार होतं. तरी सगळी उडी खऱ्या वापराची मानायला मी धजणार नाही. म्हणून दोन फेऱ्यांची तुलना करण्यापेक्षा तीन-चार फेऱ्या शेजारी ठेवून बघा.

सर्वेक्षणाशिवाय दुसरा रस्ता आहे तो सरकारी नोंदींचा. उपकेंद्रात पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतं. आशाताई आणि सिस्टर त्यात कुणाला किती मुलं, कुणी काय वापरतं हे भरतात, आणि दर महिन्याला आकडे वर जातात. यात वाटलेले निरोध मोजले जातात, वापरलेले नव्हेत. औषधांच्या दुकानातून गुपचूप घेतलेलं पाकीट तर यात कधीच येत नाही. मग सगळी साधनं एका मापात आणायला 'जोडप्याला मिळालेल्या संरक्षणाची वर्षं' असा हिशेब करतात: १२० निरोध म्हणजे एक वर्ष, तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे चार डोस म्हणजे एक वर्ष, तांबी बसवली की साडेचार वर्षांच्या आसपास आणि एक शस्त्रक्रिया म्हणजे दहा वर्षं किंवा जास्तच. वरिष्ठांना आकडा दाखवायचा असेल तर कर्मचारी कशाच्या मागे लागेल? ऑपरेशनच्याच.

आपल्या देशात हे घडून गेलंय. १९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा पहिला देश. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं होतं आणि लोकांची बोलणी खाल्ली होती. कर्व्यांचा भर स्त्रीच्या स्वातंत्र्यावर आणि आरोग्यावर होता. सरकारी कार्यक्रमाने मात्र साठच्या दशकात लक्ष्यं ठरवायला सुरुवात केली: दिल्लीने राज्याला, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला. याचं टोक आणीबाणीत आलं. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या वर्षीच्या आकड्यांवर गेलं तर ती देशाची सर्वांत मोठी 'प्रगती' ठरते!

त्याची किंमत आजही बायका मोजतायत. पुरुष नसबंदीचं नाव काढलं की लोक उठून जायला लागले, आणि कार्यक्रमाचा सगळा रोख बाईकडे वळला. पुरुष नसबंदीचं प्रमाण पहिल्या फेरीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं, पाचव्या फेरीत ०.३ आहे. स्त्री नसबंदी ३७.९ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही साधी, सुरक्षित, घटकाभरात होणारी शस्त्रक्रिया आहे, त्याच दिवशी माणूस घरी जातो. तरीही हे चित्र. त्याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांना वाटतं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायची गरज नाही.

१९९६ मध्ये केंद्राने लक्ष्यं काढून टाकली. कागदावरून ती गेली, पण 'अपेक्षित काम' या नावाने बऱ्याच ठिकाणी टिकून राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात तीन वर्षांत शिबिरं बंद करा असं सांगितलं. माप चुकीचं निवडलं तर हे असं होतं.

महाराष्ट्रात आपण पुढे आहोत असं समजतो, म्हणून आपलेही आकडे पाहा. पाचव्या फेरीत आधुनिक साधनांचा वापर ६३.८ टक्के, देशापेक्षा चांगला. पण त्यातले ४९.१ एकट्या स्त्री नसबंदीचे, पुरुष नसबंदी ०.४. म्हणजे आधुनिक साधन वापरणाऱ्या दर चार जोडप्यांपैकी तिघांत बाईने ऑपरेशन करून घेतलंय. आणि त्याच महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली. या दोन गोष्टी एकत्र वाचा: सतराव्या वर्षी लग्न, लगोलग दोन बाळंतपणं, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ऑपरेशन. मधल्या काळात दोन मुलांत अंतर ठेवायला तिच्या हाती काही पडलंच नाही. वापराच्या टक्केवारीत ही मुलगी 'यश' म्हणून मोजली जाते, आणि हे मला मनापासून खटकतं. तांबी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी या गोष्टी सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, त्या तिला कुणी कधी समजावून सांगितल्या का, हे मोजायला हवं.

ते थोडंफार मोजलंही जातं. सध्या साधन वापरणाऱ्या बायकांपैकी किती जणींना दुष्परिणामांची कल्पना दिली होती? २०१५-१६ मध्ये ४६.६ टक्के, २०१९-२१ मध्ये ६२.४. साधन न वापरणाऱ्या किती जणींशी आरोग्य कर्मचारी या विषयावर बोलले? १७.७ वरून २३.९. पहिल्या आकड्यात मला खरी प्रगती दिसते, आणि तिचं श्रेय आशाताईंना जातं असं माझं मत आहे. दुसरा आकडा अजून फारच कमी आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: हो, प्रगती झाली आहे, पण ६६.७ दाखवतो त्यापेक्षा सावकाश, आणि तिचं बहुतेक ओझं बाईच्या अंगावर टाकून. तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर तुमच्या जिल्ह्याचं तथ्यपत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात एकूण वापराच्या ओळीवर थांबू नका. आधुनिक साधनं, स्त्री नसबंदी, पुरुष नसबंदी, न भागलेली गरज, दुष्परिणामांची माहिती आणि अठराच्या आतली लग्नं एवढ्या ओळी चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या शेजारी शेजारी लिहून काढा, मग वर मी केला तसा गरज भागल्याचा हिशेब करा. कुठे अडलात तर जिल्ह्याचं नाव खाली लिहा, मी आकडे बघून सांगते.