घरातल्या एका खोलीत मायक्रोग्रीन्स आणि लेट्यूस घ्यायचं आहे, विजेची सोय कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली रिकामी आहे. तिथे चार रॅक, त्यावर एलईडी ट्यूब, दीड टनाचा एसी, पंखे, पावसाळ्यासाठी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) आणि लेट्यूसच्या पाइपांना पाणी फिरवणारा छोटा पंप लावायचा आहे. खोलीत सध्या पाच पिनांचा एक साधा बोर्ड आणि एसीचा एक पॉइंट आहे. प्रश्न एवढाच, की चांगल्या कंपनीचा एक्स्टेंशन बोर्ड घेतला तर भागेल का?

भागणार नाही. मी परवाना घेऊन वायरिंगची कामं करतो. नाशिकमधल्या घरांसोबत पिंपळगाव-निफाडकडची पॉलीहाऊस आणि अळिंबीची शेडही केली आहेत, त्यामुळे ओलावा आणि वीज एकत्र आली की काय होतं ते जवळून पाहिलंय. या खोलीला मेन डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून, स्वतःची वेगळी लाइन हवी. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी हिशेब करू. चार रॅक, प्रत्येकाला चार कप्पे, कप्प्याला 20 वॅटच्या दोन ट्यूब धरल्या तर 32 ट्यूबचे 640 वॅट होतात. पंखे, डीह्युमिडिफायर आणि पंप मिळून साधारण 500 वॅट धरा. एकूण 1140 वॅट, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जेमतेम 5 अँपिअर. कागदावर हे 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसतं आणि इथेच लोक फसतात. स्वस्त ट्यूबचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहातला खरा कामी येणारा हिस्सा, बऱ्याचदा 0.5 च्या आसपास असतो. तसा असेल तर तेवढ्याच 640 वॅटसाठी एकट्या ट्यूबच साडेपाच अँपिअर ओढतात. बाकीचं धरून प्रवाह 8 अँपिअरच्या वर जातो. त्यातून तो मिक्सरसारखा पाच मिनिटांचा नाही, रोज सोळा तासांचा आहे. सॉकेटची पितळी पट्टी जरा सैल असली तरी सोळा तासांत ती तापते, तापून आणखी सैल होते, मग आणखी तापते. बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं ते यामुळे.

ट्यूब घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. ‘1000 वॅट’ छापलेला ग्रो लाइट प्रत्यक्षात शंभर-दीडशे वॅटच घेतो असं सर्रास दिसतं. ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर, बारीक अक्षरात अँपिअर आणि पॉवर फॅक्टर लिहिलेला असतो, तो वाचा. 0.9 च्या वरचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता लाइनबद्दल. एसीला त्याची स्वतंत्र लाइन असू द्या, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). सध्याचा एसी पॉइंट तसा आहे की कुणी शेजारच्या बोर्डातून ओढलाय, ते डीबी उघडून बघायला सांगा. रॅकसाठी दुसरी लाइन 2.5 स्क्वेअर एमएमची, 16 अँपिअरच्या एमसीबीवर. सतत चालणारा लोड एमसीबीच्या पाऊण हिश्शापर्यंतच ठेवावा, म्हणजे इथे 12 अँपिअर. तुमचे आठ-साडेआठ त्यात आरामात बसतात आणि उद्या पाचवा रॅक आला तरी हरकत नाही. लाइन खोलीत आली की प्रत्येक रॅकला भिंतीवर पक्कं सॉकेट द्या.

एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या हाताने उघड्या वायरला धरलं तर शरीरातून जाणारा प्रवाह मिलीअँपिअरमध्ये असतो. जीव जायला तेवढा पुरतो आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी विजेची गळती होताच लाइन तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, ज्याला आपल्याकडे अजूनही ईएलसीबीच म्हणतात. या खोलीत तो नसेल तर काम सुरू करू नका, इतकं स्पष्ट सांगतो. घेताना टाइप ए मागा, कारण एलईडीचे ड्रायव्हर इलेक्ट्रॉनिक असतात आणि जुना ‘टाइप एसी’ (हा आरसीसीबीचाच प्रकार, एअर कंडिशनर नव्हे) त्यांच्यासाठी योग्य नाही. शक्य असेल तर पंप आणि ट्यूब यांना वेगवेगळे आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावा. ड्रायव्हरमधून विजेची थोडी थोडी गळती कायम होत असते. बत्तीस ट्यूबची गळती एकत्र झाली की आरसीसीबी विनाकारण पडू शकतो, आणि मग वैतागून कुणीतरी तो बायपास करतं. वेगळे असले की ट्यूबमुळे पंप बंद पडत नाही. दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

अर्थिंगचं नाशिकमध्ये जरा जास्त बघावं लागतं. खाली काळा पाषाण, वर मुरूम, त्यामुळे अर्थिंगचा पाइप पुरेसा खोल गेलेला नसतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन सुकली की रेझिस्टन्स वाढतो. जुन्या सोसायट्यांत गच्चीपर्यंत आलेली अर्थिंगची पट्टी मध्येच गंजून तुटलेलीही असते आणि तिसरी पिन नुसती शोभेला राहते. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन यायला सांगा. रेझिस्टन्स 5 ओहमच्या आत आला तर चांगलं. खिशातल्या साध्या टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे, असं नसतं. लोखंडी रॅक असतील तर प्रत्येक रॅकला लग लावून 4 स्क्वेअर एमएमच्या हिरव्या वायरने अर्थिंगला जोडा. एखाद्या ट्यूबची वायर सोलून रॅकला टेकली तर आरसीसीबी तिथल्या तिथे पडेल, तुमच्या हाताची वाट बघणार नाही.

सॉकेट रॅकच्या खाली किंवा पाण्याच्या टाकीवर कधीच नको. छातीच्या उंचीवर, बाजूच्या भिंतीवर. सॉकेटपर्यंत येणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पंप 12 किंवा 24 व्होल्टचा मिळत असेल तर तोच घ्या. 230 व्होल्टचा पंप टाकीत बुडवणार असाल तर पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. मुलांनाही हे शिकवा.

टायमर साधा प्लगमध्ये लावायचा घेऊ नका. बत्तीस ड्रायव्हर एकदम सुरू होताना क्षणभर मोठा झटका ओढतात, त्याने टायमरचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि ट्यूब बंदच होत नाहीत. डीबीत बसणारा टायमर आणि त्याच्यामागे कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह झेलणारा स्विच), असं करून घ्या. उन्हाळ्यात ट्यूब संध्याकाळी 6 ते सकाळी 10 चालवा. ट्यूबची सगळी वीज शेवटी उष्णताच होते, ती भर दुपारी एसीच्या डोक्यावर कशाला टाकायची? पण रात्री चालणार म्हणून खोलीच्या दाराबाहेर बॅटरीवरचा स्मोक अलार्म मात्र हवाच.

वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा काय, हेही आत्ताच ठरवा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त पंप आणि एक पंखा घ्या. एक दिवस उजेड नसला तरी लेट्यूस मरत नाही, पण मे महिन्यात पाइपातलं पाणी काही तास थांबलं तर मुळं सुकतात. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा असावा, आणि त्याचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका, नाहीतर आरसीसीबी सारखा पडेल. डीबीत टाइप 2 चा एसपीडी (लाइनमधून येणारा व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण) हाही बसवून घ्या, विजा कडाडतात त्या दिवसांत ड्रायव्हर वाचतात.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी चार तासांनी प्रत्येक प्लगच्या प्लास्टिकला कोरड्या हाताने स्पर्श करून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद. महिनाभराने मेन बंद करून वायरमनकडून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या.

राहिलं बिल. 640 वॅटच्या ट्यूब सोळा तास म्हणजे रोज दहा युनिटच्या थोडं वर, महिन्याला तीनशेच्या पुढे, एसी सोडून. महावितरणच्या घरगुती दरात 300 युनिटनंतर दर वाढतो, म्हणजे घराचं नेहमीचं बिलही त्यात धरून मांडा. बिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे तो बघा. अपुरा असेल तर वाढवायचा अर्ज आधी करा. आणि माल हॉटेलांना विकणार असाल तर घरगुती जोडणी चालेल की वर्ग बदलावा लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. ट्यूबची ऑर्डर त्यानंतर द्या.